केळीच्या बुडाशी किती विद्यापीठे!

केळे आडवे कापले की मधोमध बारीक काळे ठिपके दिसतात. ते न धरलेल्या बियांचे अवशेष. रानटी केळीत दात पडेल अशा कठीण बिया असतात. पण आपण खातो त्या केळीत गुणसूत्रांचे दोन नव्हे, तीन संच आहेत. तिनाची समान वाटणी होत नाही, म्हणून बी धरत नाही. तिचा वंश चालतो तो कंदातून, पिलातून आणि आता प्रयोगशाळेतल्या बाटलीतून. रावेर-यावलचे शेतकरी जिला ‘जी नाईन’ म्हणतात, ती ग्रँड नैन म्हणजे एकाच झाडाची कोट्यवधी जुळी भावंडे.

जुळ्यांचे दुखणेही एकच असते. ‘ग्रो मिशेल’ नावाची जात एकेकाळी जगभर विकली जायची. जमिनीतल्या एका बुरशीने, म्हणजे पनामा मर रोगाने, विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तिचा व्यापार बसवला. त्या बुरशीला तोंड देणारी म्हणून कॅव्हेंडिश गटातली केळी पुढे आली. आपली जुनी बसराई त्याच गटातली, ग्रँड नैनही त्याच गटातली. आता त्या बुरशीचा ‘टीआर 4’ हा नवा प्रकार कॅव्हेंडिशवरच आला आहे. 2019 साली तो कोलंबियात सापडला, आणि त्याच सुमारास बिहारमध्ये तो असल्याची शास्त्रीय नोंदही झाली. बिहार काही परदेश नव्हे. ट्रकच्या चाकाला लागलेला चिखलही ही बुरशी वाहून नेऊ शकतो.

मित्रहो, अशा संकटाला एक विद्यापीठ पुरे पडत नाही. बुरशी ओळखणारा वेगळा, माती जाणणारा वेगळा, जनुके वाचणारा आणखी वेगळा. बेल्जियममधल्या लुव्हेन विद्यापीठात 1985 पासून केळीची एक पेढी आहे. जगभरातून गोळा केलेले दीड हजारांहून अधिक वाण तिथे परीक्षानळ्यांत आणि अतिशीत भांड्यांत जपले आहेत. बी नाही, तर पेढी ठेवायची कशी? जिवंत अंकुरच सांभाळायचे. मलेशियातल्या रानटी वंशाच्या एका केळीची संपूर्ण जनुकीय लिपी 2012 साली वाचली गेली. तिच्यात छत्तीस हजारांच्या आसपास जनुके निघाली. त्या शोधनिबंधावर लेखकांची नावे मोजता मोजता दमायला होते. आम्ही कवी एका नावाने एक कविता लिहितो आणि तेवढ्यावर भांडतो. इथे मुशायऱ्यात मावणार नाहीत इतके शायर, आणि गझल एकच.

आपल्या जी नाईनला थेट हात घालणारा सहकार्याचा प्रकल्प 2012 साली ठरला. ऑस्ट्रेलियातले क्वीन्सलँड तंत्रज्ञान विद्यापीठ एका बाजूला. दुसऱ्या बाजूला मोहालीची कृषी जैवतंत्रज्ञान संस्था, तिरुचिरापल्लीचे राष्ट्रीय केळी संशोधन केंद्र, कोइमतूरचे कृषी विद्यापीठ, मुंबईचे भाभा अणुसंशोधन केंद्र. हेतू आरोग्याचा होता. ‘अ’ जीवनसत्त्वाच्या अभावाने मुलांचे डोळे जातात. पापुआ न्यू गिनीकडच्या काही केळींचा गर नारिंगी असतो, कारण त्यात बीटा कॅरोटीन भरपूर असते. शरीर त्याचेच ‘अ’ जीवनसत्त्व करते. तो गुण आपल्या केळीत आणायचा. पुढे मोहालीच्या शास्त्रज्ञांनी वेगळी वाट धरली. बाहेरचा गुण न आणता ग्रँड नैनचेच एक जनुक कात्रीने छाटावे तसे छाटले. त्यामुळे दुसरीकडे वळणारा कच्चा माल बीटा कॅरोटीनकडे वळला आणि गरातले त्याचे प्रमाण सहापटीपर्यंत वाढले. हे 2020 साली प्रसिद्ध झाले. प्रयोग सुंदर आहे, यात वाद नाही. पण रावेरच्या शेतकऱ्याला विचारले असते, तर त्याने आधी वेगळाच प्रश्न पुढे केला असता.

त्याचा प्रश्न ‘हरण्या’चा. शास्त्रीय नाव कुकुंबर मोझॅक विषाणू. पावसाळी ढगाळ दिवसांत कोवळ्या पानांवर पिवळे पट्टे उठतात, पोंगा सडतो, आणि लावून महिना-दोन महिने झालेली झाडे उपटून फेकावी लागतात. औषध नाही. विषाणू मावा किडीबरोबर फिरतो आणि काकडी, टोमॅटो, मिरची, बांधावरचे तण असा कुठेही मुक्काम करतो. म्हणजे रोग केळीचा, पण उत्तर बांधावर, हवेत आणि शेजाऱ्याच्या काकडीच्या वेलावर. फवारणी माव्यावर होते. विषारी थेंब मात्र पंप पाठीवर घेतलेल्या मजुराच्या अंगावरही पडतात. 2017 साली यवतमाळात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-मजूर दगावले, ते आपण वाचले आहे.

आता खान्देशाचा नकाशा पाहा. बांभोरीजवळ आपले विद्यापीठ, 1990 साली स्थापन झालेले. 2018 पासून बहिणाबाईंचे नाव लावणारे. तिथे जीवशास्त्र आहे, पर्यावरणशास्त्र आहे, रासायनिक तंत्रज्ञान आहे. धुळ्याला कृषी महाविद्यालय आहे. ते राहुरीच्या अखत्यारीत. धुळ्यालाच शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. त्याची विद्यापीठीय नाळ नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाशी. तण, मावा आणि मजुराचे रक्त या तीन तपासण्या तीन दारी जातात. त्या एका वहीत, एकाच हंगामात लिहिल्या गेल्या, तर तो माझ्या लेखी ब्रिस्बेन-मोहालीच्या तोडीचा प्रकल्प होईल. खर्चही त्या मानाने किरकोळ.

हे स्वप्नरंजन नाही. शेजारी नवसारीत असे घडले आहे. घड कापल्यावर हेक्टरी 60 ते 80 टन खांब उरतात; आपल्याकडे बरेचदा ते बांधावर सडतात. नवसारी कृषी विद्यापीठाने मुंबईची कापूस तंत्रज्ञान संस्था, सुरतेची कापड संशोधन संस्था आणि सोनगडचा कागद कारखाना यांना सोबत घेतले. खांबातून धागा काढला, कागदाचा लगदा केला, रसाचे द्रवखत केले, गाभ्याची कँडीसुद्धा केली. कारखानदार पहिल्या दिवसापासून बैठकीत होता, हे मला त्यातले सर्वांत शहाणपणाचे वाटते.

मृगबागेसाठी रोपे घेणाऱ्यांना तूर्त एवढे करता येईल. केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने 2006 साली ऊतिसंवर्धित रोपांसाठी प्रमाणपत्राची पद्धत सुरू केली. तिच्यात केळीचे मुख्य विषाणू तपासतात. हरण्याचाही त्यांत येतो. रोपवाटिकेत गेल्यावर भाव विचारण्याआधी ते लेबल मागा, आणि त्याची पावती जपून ठेवा.