गोपकपट्टण : रूढ समज आणि वस्तुस्थिती

कावेरीच्या मुखावरील पुहार या प्राचीन तमिळ बंदराची कीर्ती दूरवर पसरली. परंतु आपल्याच जुवारीच्या काठी, आगशी व थोरले गोवे यांच्या परिसरात, कदंब राजांची राजधानी आणि बंदर असलेले गोपकपट्टण नांदत होते, याची जाणीव पेडणे-डिचोलीच्या सुशिक्षितांतही क्वचितच आढळते.

सर्वांत चिवट समज असा, की गोव्यास समुद्रव्यापाराची ओळख १५१० साली पोर्तुगीजांनी करून दिली. त्यापूर्वी साडेचार शतके, कदंब राजा पहिल्या जयकेशीच्या ताम्रपटात, सोमनाथाच्या यात्रेस निघालेल्या, त्याचा पूर्वज गुहल्लदेव याच्या गलबताची डोलकाठी मोडली असता ज्या मदुमद नामक अरब व्यापाऱ्याने त्यास साहाय्य केले, त्याचा नातू छडम याला राज्यात मोठा अधिकार लाभल्याचे नमूद आहे; आणि छडमाने बांधलेल्या मशिदीच्या खर्चासाठी गुजरात, सौराष्ट्र, चिपळूण, संगमेश्वर, केरळ, पांड्य व चोल देश, तसेच सिंहल येथून येणाऱ्या गलबतांवर जकात बसविल्याचीही नोंद आहे. शिवोपासक राजाने परधर्मीयाच्या उपासनास्थळासाठी बंदराचे उत्पन्न तोडून द्यावे, ही त्या दरबाराच्या उदार व्यवहारबुद्धीची मोठी साक्ष होय.

पोर्तुगीज सेनानी अल्बुकर्कने जिंकले तेच हे नगर, असेही मानले जाते. ते नगर मांडवीकाठचे, आदिलशाहीच्या अमलातील, म्हणजे आजचे जुने गोवे. पुहारप्रमाणे गोपकपट्टण सागराने गिळले नाही; चौदाव्या शतकातील स्वाऱ्या आणि जुवारीत साचत गेलेला गाळ यांनी त्याचा व्यापार मांडवीकडे ढकलला. जांभ्या दगडाची किलोमीटरभर भिंत नदीकाठी आजही उभी असून, दोनापावलच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने तिची पाहणी केली आहे.

उत्तरेकडील महालांचा या इतिहासाशी संबंध काय, असे पुसणाऱ्यांनी डिचोली महालातील नार्वे येथे जावे. कदंबांचे कुलदैवत आणि त्यांच्या सुवर्णनाण्यांवर ज्याचे नाव कोरले गेले तो सप्तकोटेश्वर, दिवाडीवरील मंदिराच्या विध्वंसानंतर तेथेच आश्रयास आला. १६६८ साली छत्रपती शिवाजी महाराजांनी त्याच्या देवालयाचा जीर्णोद्धार आरंभिला. पेडणे तर १७८८ पर्यंत कायमचे पोर्तुगीज अमलाखाली आले नव्हते. तेथील मुलांना आपला इतिहास १५१० पासून शिकविणे हा उघड अन्याय आहे. दोन्ही महालांतील शिक्षकांनी आपल्या विद्यार्थ्यांना एकवार आगशीच्या काठावर नेऊन ती भिंत दाखवावी, एवढीच विनंती.