सांगणे आणि मोजणे

बोलण्याच्या क्रियेला इंग्रजीत 'स्पीक', 'से', 'टॉक' आणि 'टेल' असे चार शब्द नेहमी लागतात. त्यांपैकी 'टेल' हा आपल्या 'सांगणे' या क्रियापदाला सर्वांत जवळचा. माणूस एकटाही बोलतो, पुटपुटतो. पण सांगायचे म्हटले की समोर ऐकणारा हवा.

या 'टेल'चे कूळ मात्र वेगळेच आहे. जुन्या इंग्रजीत 'टेल्लन' या क्रियापदाचे दोन अर्थ होते : मोजणे आणि सांगणे. पहिला अर्थ पुढे मागे पडला, तरी त्याच्या खुणा राहिल्या. बँकेत नोटा मोजून देणारा तो 'टेलर'. कपडे शिवणाऱ्या टेलरशी त्याचे नाते नाही. तो शब्द फ्रेंचमधून आला. लंडनच्या पार्लमेंटात मते मोजणाऱ्या सभासदांनाही 'टेलर' म्हणतात. 'ऑल टोल्ड' म्हणजे सगळे मिळून. जर्मन भाषेत 'त्सेलन' म्हणजे मोजणे आणि 'एर्त्सेलन' म्हणजे गोष्ट सांगणे.

हे दोन अर्थ एकत्र कसे आले? मोजताना आपण एकामागून एक वस्तू घेतो, क्रम ठेवतो, काही सुटू देत नाही. घडलेली हकीकत सांगतानाही तेच करावे लागते.

आपल्याकडेही हे नाते जुने आहे. संस्कृत 'ख्या' धातूचा अर्थ सांगणे, प्रसिद्ध करणे. त्यापासून 'आख्यान' झाले, 'व्याख्यान' झाले, आणि 'संख्या'ही त्याच धातूची. म्हणजे आपण ज्या मालेला जमतो तिचे नाव आणि गणिताचा आकडा एका घरचे आहेत. नेमके बोलणाऱ्याला आपण 'मोजके बोलतो' म्हणतो, तेही उगीच नाही. शाळेत मूल पाढे म्हणते. दुकानदार हिशेब सांगतो. म्हणण्यात पाठांतर असते. सांगण्यात समोरच्याने ताळा करून पाहावा, अशी तयारी असते.

युनियनच्या कामात या भेदाची किंमत कळते. जिनिंग फॅक्टरीतला मजूर येतो आणि म्हणतो, "पैसे कमी दिले." तेवढ्यावर मालकापुढे उभे राहता येत नाही. किती दिवस भरले, रोज काय ठरला होता, जादा तास किती, उचल किती कापली, हे एकेक विचारावे लागते. दिवस हजेरीत नसतील तर मजुराने स्वतः कुठे टिपले आहेत का, तेही पाहावे लागते. मग त्याच तक्रारीला आकडा येतो. 'अन्याय झाला' हे बोलणे झाले; 'सव्वीस दिवस भरले, बावीस मांडले' हे सांगणे झाले. पहिल्याला मालक हसून उत्तर देऊ शकतो, दुसऱ्याला त्याला वही उघडावी लागते. म्हणून अक्षराइतकीच अंकाची ओळख मजुराला हवी. ज्याला मोजता येत नाही, त्याचे सांगणे दुसराच कोणी मोजतो, आणि बहुधा कमीच मोजतो.

श्रोतेहो, हाच नियम व्यासपीठावरच्या माणसालाही लावावा. व्याख्यात्याने किती वेळ घेतला हे तर आपण पाहतोच; त्याने सांगितले किती, याचीही मोजदाद घरी जाताना करावी.