हवेवरची नेलगन: गैरसमज आणि वस्तुस्थिती

फ्लॅटचं फर्निचर करायला मिस्त्री आले, की हत्यारांच्या पेटीबरोबर आता कंप्रेसरही येतो. प्लायच्या कडेला फेविकॉल लावायचा, बीडिंगची पट्टी धरायची आणि नेलगनने खिळे मारत पुढे सरकायचं. यंत्र कामाचं आहे, यात वाद नाही. पण करवत-रंधा जसा उस्तादाच्या हाताखाली शिकला जातो, तशी ही गन शिकवायला सहसा कोणी नसतं. दुकानातून आणली, पाईप जोडला, काम सुरू. बाकीची माहिती ऐकीव, आणि ऐकीव माहितीत गैरसमज फार. बोटांवर आणि डोळ्यांवर बेतणारे गैरसमज आधी दूर व्हायला हवेत.

गैरसमज: एवढासा खिळा, त्याने काय होणार?

वस्तुस्थिती: आपल्याकडे सर्रास वापरली जाणारी एफ-३० गन १० ते ३० मिलिमीटर लांबीचे खिळे मारते. खिळा जेमतेम सव्वा मिलिमीटर जाडीचा असतो, पण प्लायमध्ये डोक्यासकट बुडणाऱ्या खिळ्याला बोट मुळीच अडवू शकत नाही. अमेरिकेतल्या ‘ओशा’ आणि ‘निऑश’ या सरकारी संस्थांनी २०११ मध्ये नेलगनविषयी मार्गदर्शिका काढली. तिच्यानुसार निम्म्याहून अधिक दुखापती हाताच्या आणि बोटांच्या असतात. हाताच्या दर चार दुखापतींपैकी एकीत स्नायुबंध, सांधा, नस किंवा हाड दुखावलेलं असतं.

शिवाय खिळा सरळच जाईल याची खात्री नसते. वाटेत लाकडाची गाठ, आधीचा स्क्रू किंवा जुना खिळा आला, की तो वळतो आणि कडेने बाहेर पडतो. पट्टी धरलेलं बोट नेमकं तिथेच असतं. म्हणून खिळा मारायच्या जागेपासून दुसरा हात किमान १२ इंच लांब हवा. तुकडा लहान असेल तर तो हाताने न धरता क्लॅम्पने आवळावा.

गैरसमज: तोंडाला सेफ्टी आहे, म्हणजे चुकून खिळा सुटणार नाही.

वस्तुस्थिती: हा सर्वांत महागात पडणारा समज. गनचं तोंड लाकडावर दाबलं जात नाही तोवर खिळा सुटत नाही, हे खरं. पण तोंडाला लाकूड आणि मांडी यांतला फरक कळत नाही.

चापाचे मुख्यतः दोन प्रकार असतात. पहिल्यात चाप दाबून ठेवला, की तोंड जिथे जिथे टेकेल तिथे खिळा सुटतो. दुसऱ्यात क्रम ठरलेला असतो: आधी तोंड टेकायचं, मग चाप दाबायचा, आणि पुढच्या खिळ्यासाठी दोन्ही सोडून पुन्हा पहिल्यापासून. पहिल्या प्रकारात चाप दाबलेला ठेवून शिडी उतरताना गन गुडघ्याला लागली, तरी खिळा आत. त्यातच खिळा सुटताना गन धक्क्याने मागे उसळते आणि पुन्हा टेकली तर नको असलेला दुसरा खिळाही मारते. वरच्या मार्गदर्शिकेनुसार पहिल्या प्रकारात दुखापतीचा धोका दुसऱ्याच्या दुप्पट आहे.

‘पण त्याने काम झपाट्याने होतं,’ असं सांगितलं जातं. त्याचीही चाचणी झाली आहे. अनुभवी सुतारांना दोन्ही प्रकारच्या गन देऊन ८ बाय १० फुटांच्या लाकडी खोल्या बांधायला लावल्या. पहिल्या प्रकाराने खिळे मारण्याचा वेळ सरासरी १० टक्क्यांनी वाचला, पण एकूण बांधकामाच्या वेळात ही बचत १ टक्काही भरली नाही. गन घेताना क्रमाने चालणारा चापच मागा. ज्या गनची सेफ्टी तारेने बांधून ठेवली आहे किंवा काढून टाकली आहे, ती हातातच घेऊ नका.

गैरसमज: चापावरचं बोट काढलं, की अडकलेला खिळा काढायला हरकत नाही.

वस्तुस्थिती: पाईप जोडलेला आहे तोवर गन भरलेली आहे. आत दाबाखालची हवा उभी असते. चाप दबला की झडप उघडते, हवा पिस्टनला खाली ढकलते आणि पिस्टनची पाती खिळ्यावर आदळते. खिळा काढता काढता चापाला धक्का लागला, तर ही पाती बोटावर येते.

म्हणून क्रम कायमचा ठरवून टाका: पाईप काढा, खिळ्यांची पट्टी बाहेर घ्या, मग तोंड उघडून अडकलेला खिळा पक्कडीने ओढा. इथे एक बारीक गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते. गनच्या बाजूला मेल कपलर आणि पाईपच्या बाजूला फिमेल कपलर हवा. तसं असेल तर पाईप काढताच गनमधली हवा फस्सकन निघून जाते. उलटं बसवलं तर फिमेल कपलर आपोआप बंद होतो, हवा आतच कोंडते आणि पाईप नसलेली गनही एक खिळा मारू शकते. आपली गन आजच पाहून घ्या. जेवणाची सुट्टी, जागा बदलणं, गन दुसऱ्याच्या हातात देणं, या प्रत्येक वेळी पाईप काढलेला हवा.

गैरसमज: खिळा वर राहतोय? प्रेशर वाढवा.

वस्तुस्थिती: गनवर कमाल दाब लिहिलेला असतो, तो कधीच ओलांडायचा नाही. सात किलो म्हणजे सुमारे १०० पीएसआय, हे लक्षात ठेवलं की कंप्रेसरचा काटा वाचता येतो. कमी दाबापासून सुरुवात करून टाकाऊ तुकड्यावर खिळा मारून बघावा आणि डोकं पृष्ठभागाला समतल बसेल तिथे थांबावं. जादा दाबाने खिळा पातळ प्लायच्या आरपार जातो, गन जास्त उसळते आणि आतले रबरी वॉशर व ओ-रिंग लवकर झिजतात. खिळा वर राहण्याचं कारण अनेकदा गळका पाईप किंवा झिजलेली पाती असते.

गैरसमज: तेल कुठलंही चालतं, आणि टाकीतल्या पाण्याने काही बिघडत नाही.

वस्तुस्थिती: इंजिन ऑइल किंवा गंज सोडवायचा स्प्रे ओ-रिंग खराब करू शकतो. हवेवरच्या हत्यारांसाठी वेगळं पातळ तेल मिळतं. कामाला लागण्याआधी हवा शिरते त्या तोंडात त्याचे दोन-तीन थेंब पुरतात. जास्त झालं तर ते फवाऱ्यासारखं सनमायकावर उडतं. काही गन बिनतेलाच्या असतात, तेव्हा सोबतचं माहितीपत्रक आधी वाचा.

हवा दाबली जाते तेव्हा तिच्यातल्या बाष्पाचं पाणी होऊन टाकीच्या तळाशी साठतं. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात ते अधिकच. पाण्याने टाकी आतून गंजते, पत्रा झिजतो आणि दाबाखाली ती फुटू शकते. रोज संध्याकाळी खालचा ड्रेन कॉक उघडून पाणी काढा. सेफ्टी व्हॉल्व्ह गळतो म्हणून बुजवू नका, बदला. गनची सेफ्टीही तपासा: पाईप काढलेला असताना गनचं तोंड लाकडावर दाबून सोडा. फेविकॉल आणि भुशाने अडकून ते झटकन परत येत नसेल, तर साफ केल्याशिवाय गन वापरू नका.

गैरसमज: हवाच तर आहे!

वस्तुस्थिती: काम संपल्यावर कंप्रेसरच्या हवेने अंगावरचा भुसा उडवण्याची सवय घातक आहे. ती हवा जखमेतून त्वचेखाली शिरू शकते, डोळ्याला आणि कानाच्या पडद्याला इजा करू शकते. कंप्रेसर नाही म्हणून ऑक्सिजनचा सिलिंडर जोडणं तर थेट स्फोटाला बोलावणं आहे, कारण दाबाखालचा ऑक्सिजन तेलाच्या संपर्कात आला की पेट घेऊ शकतो. बंद खोलीत गनचा आवाजही कानाला बाधतो, म्हणून डोळ्यांवर संरक्षक चष्मा हवा, तसे कानात प्लगही हवेत.

गैरसमज: दुखत नाही, म्हणजे किरकोळ आहे. उपटून टाका.

वस्तुस्थिती: २००५ मध्ये अमेरिकेतल्या कोलोरॅडोत एका बांधकाम कामगाराच्या तोंडातून चार इंची खिळा कवटीत शिरला आणि त्याला वाटलं दात दुखतोय. खिळा सापडला तो सहा दिवसांनी, दाताच्या एक्स-रेमध्ये. दुखण्यावरून जखमेची खोली कळत नाही.

खोल रुतलेला खिळा जागेवर उपटू नका. खिळ्यांच्या पट्टीचा गोंद, प्लास्टिक किंवा कपड्याचे धागे त्याच्यासोबत आत गेलेले असू शकतात आणि ओढताना नस आणखी फाटू शकते. हात हलू न देता, भोवती स्वच्छ कापड धरून रुग्णालय गाठा. डोळ्याला लागलं असेल तर चोळू नका, दाबू नका. धनुर्वाताचे जंतू धुळीत असतात, त्यामुळे नवा कोरा खिळा असला तरी इंजेक्शनबद्दल डॉक्टरांना विचारा.

अमेरिकेतल्या शिकाऊ सुतारांच्या पाहणीत चार वर्षांच्या प्रशिक्षणात पाचांपैकी दोघांना नेलगनने दुखापत झाल्याचं आढळलं. तिथे रीतसर प्रशिक्षण असूनही ही स्थिती आहे. म्हणून ठेकेदारांनी नव्या मुलाच्या हातात गन देण्याआधी तासभर त्याच्याजवळ बसावं, चष्मा स्वतः विकत घेऊन द्यावा. ज्यांच्या घरी काम चाललं आहे, त्यांनी घाई लावू नये. आणि मिस्त्री, तुम्हाला एवढंच सांगणं: हात गनच्या तोंडाकडे नेण्याआधी पाईप काढा. त्याला दोन सेकंद लागतात. पोट ज्या बोटांवर चालतं, त्यांच्यासाठी एवढा वेळ द्याच.