झाडाचा चीक आणि गाडीचा रंग

आपल्या वस्तीतील कितीतरी बांधव रिक्षा-टॅक्सी चालवतात. कोणी साहेबांच्या गाडीवर ड्रायव्हर आहेत, तर कित्येक तरुण पहाटे उठून सोसायट्यांतील गाड्या धुतात. झाडाखाली उभ्या केलेल्या गाडीवरचे चिकट डाग या सर्वांच्याच परिचयाचे आहेत. डाग नखाएवढा, पण तो काढताना ओरखडा उठला तर रंगाचा खर्च पगारातून कापला जाण्याची भीती असते. डाग पाडते झाड, दोष येतो धुणाऱ्याच्या माथी! म्हणून हे साधे वाटणारे काम नीट समजून घेतलेले बरे.

मुळात सगळे चिकट डाग सारखे नसतात. बाभूळ, कडुनिंब, शेवगा यांच्या खोडातून येतो तो डिंक. तो पाण्याने फुगतो, मऊ होतो. वड, पिंपळ, उंबर, फणस यांचा पांढरा चीक वेगळा. त्यात रबराचा अंश असल्याने तो नुसत्या पाण्याला दाद देत नाही. आणि मोहराच्या दिवसांत आंब्याखालच्या गाडीवर जो बारीक चिकट शिडकावा दिसतो, तो तर झाडाचा चीकच नव्हे. तुडतुडे मोहराचा रस शोषतात आणि गोड, पातळ विष्ठा टाकतात. तिचे ते थेंब. कोमट साबणपाण्याने ते सहज जातात, मात्र वाळू देऊ नयेत.

बहुतेक गाड्यांच्या रंगावर पारदर्शक लेप असतो. तो केसाएवढा किंवा त्याहूनही पातळ. ब्लेड, काथ्या, तारेची घासणी किंवा राख लावली की डागाआधी हा लेपच जातो. डागावर बसलेली धूळही कोरडी घासली तर तेच काम करते. त्यामुळे गाडी आधी सावलीत आणावी, पत्रा थंड होऊ द्यावा आणि भरपूर पाणी ओतून धूळ घालवावी. मग कोमट पाण्यात भिजवलेले जुन्या बनियनचे फडके डागावर दहा मिनिटे नुसते ठेवावे. डिंक बहुधा एवढ्यानेच सुटतो.

चीक राहिलाच तर आपल्या आया-बहिणी फणस चिरताना काय करतात ते आठवावे. हाताला नि विळीला खोबरेल तेल! तेच इथेही चालते. डागावर थोडे तेल लावून मुरू द्यावे, मऊ फडक्याने अलगद टिपावे आणि साबणपाण्याने तेलकटपणा धुऊन काढावा.

फार जुना, दगडासारखा झालेला डाग असेल तर औषधाच्या दुकानात मिळणारे स्पिरिट कापसावर घेऊन मिनिटभर डागावर धरावे. रगडू नये. आधी दाराच्या आतल्या कडेला लावून पाहावे. कापसाला रंग लागला तर तिथेच थांबावे. गॅरेजमध्ये नुकत्याच रंगवलेल्या भागावर आणि रिक्षाच्या रेक्झिनच्या हुडावर स्पिरिट लावूच नये. ते चटकन पेट घेते. म्हणून विडी-काडी, स्टोव्ह आणि मुले दूर हवीत. थिनर व पेट्रोल यांच्या वाटेला जाऊ नये. थिनर रंग विरघळवतो, दिव्याची प्लॅस्टिकची काचही पांढुरकी करतो. शेवटी गाडी पुन्हा धुऊन त्या जागी वॅक्स पॉलिशचा हात फिरवावा.

दुसऱ्याची गाडी असेल तर हात लावण्यापूर्वी डाग मालकाला दाखवावा. "साहेब, हा जुना डाग आहे, काढताना खूण राहू शकते, काढू का?" एवढे विचारण्यात कमीपणा नाही. खाली आधीच ओरखडा असेल तर तोही त्याच वेळी दाखवून द्यावा.

फांदीच तोडून टाकू, असा सल्ला कोणी दिला तर ऐकू नये. शहरांतील झाडांसाठी 1975 चा राज्याचा कायदा आहे, परवानगी लागते. गाडी चार हात बाजूला लावणे सोपे.

जाता जाता आणखी एक. 14 एप्रिलच्या मिरवणुकीत गाड्यांवर चिकटपट्टीने पताका लावतात, नंतर पट्टीचा गोंद तसाच राहतो. तो नखाने खरवडू नये. त्यालाही खोबरेल तेलच लावावे.