अर्जातले नगर, संगणकातले आकडे

समजा, तुमच्या ताईने 2023 साली लिपिकाच्या जागेसाठी एक अर्ज केला होता. तो तिने संगणकावर, वर्ड प्रोसेसरच्या साहाय्याने लिहिला होता. आता दुसरी जाहिरात आली आहे. तोच अर्ज थोडाफार बदलून पाठवायचा आहे. पण 2024 साली अहमदनगर जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले, आणि अर्जात जुने नाव पाच ठिकाणी आहे. ताई काय करील?

टंकलेखन यंत्रावर सारा अर्ज पुन्हा टंकित करावा लागला असता. तेथे कळ दाबली की खिळा फितीवर आपटतो आणि अक्षर कागदावर कायमचे उमटते. वर्ड प्रोसेसरमध्ये मात्र अक्षर प्रथम संगणकाच्या स्मृतीत जाते, तेही आकड्याच्या रूपात! युनिकोड या संकेतात प्रत्येक अक्षराला क्रमांक दिलेला आहे. ‘न’ म्हणजे 2344, ‘ग’ म्हणजे 2327, ‘र’ म्हणजे 2352. तुम्ही ‘नगर’ लिहिता तेव्हा संगणक हे तीन आकडे ओळीने मांडतो. पडद्यावर दिसते ते त्यांवरून काढलेले चित्र.

आता गंमत पाहा. ‘अहमदनगर’ या नावात अक्षरे सात आणि आकडेही सात. ‘अहिल्यानगर’ या नावात अक्षरे सहाच, पण आकडे दहा! कारण वेलांटी, काना आणि ‘ल’चा पाय मोडणारे चिन्ह यांनाही स्वतंत्र क्रमांक आहेत.

‘शोधा आणि बदला’ ही आज्ञा दिली, की संगणक पहिल्या आकड्यापासून तपासत जातो. ते सात आकडे त्याच क्रमाने भेटले, की ते काढून तेथे नवे दहा घालतो, पुढचा मजकूर सरकवतो आणि ओळी नव्याने जुळवतो. ‘अहमदनगरला’ या शब्दाचे ‘अहिल्यानगरला’ होते; प्रत्ययाला धक्काही लागत नाही. हे सारे क्षणार्धात!

पण सावधान! संगणक आकडे जुळवतो, अर्थ जाणत नाही. ताईच्या प्रमाणपत्रावर ‘अहमदनगर कॉलेज’ असे छापलेले आहे. हे महाविद्यालय 1947 साली स्थापन झाले. संगणक अर्जात त्याचेही नाव बदलून टाकील. मग अर्ज तपासणाऱ्याला अर्जात एक नाव दिसेल आणि प्रमाणपत्रावर दुसरे. ताईने नुसते ‘नगर’ बदलायला सांगितले, तर आणखी घोटाळा. ‘श्रीरामपूर नगरपरिषद’ची होईल ‘श्रीरामपूर अहिल्यानगरपरिषद’!

याउलटही घडते. जुन्या पद्धतीच्या काही मराठी टंकांत इंग्रजी अक्षरांच्या क्रमांकांवर मराठी आकार बसवलेले असत. अशा अर्जात डोळ्यांना ‘अहमदनगर’ स्वच्छ दिसते, पण संगणक म्हणतो, ‘सापडले नाही’. आकडेच निराळे, तर सापडणार कसे?

म्हणून ताईने ‘सर्व बदला’ न म्हणता प्रत्येक ठिकाणी थांबून, पाहून बदल करावा. शेवटी अर्ज कागदावर छापून एकदा मोठ्याने वाचावा. ते काम संगणकाचे नव्हे, आपले.

करून पाहा : ‘श्रीगोंदा’ या नावात अक्षरे तीन. संगणक किती आकडे मांडील? नऊ आले, तर तुमचे उत्तर बरोबर!