लंगोट की डायपर?

सावद्याच्या उन्हाळ्यात दोरीवरचा लंगोट घटकाभरात वाळतो. पावसाळ्यात मात्र दिवसभर ओलाच. नात झाली तेव्हा सून म्हणाली, "आई, रात्री तरी डायपर असू द्या." मला पटले. बाळंतिणीला झोपही हवीच! पण डायपरमधले प्लॅस्टिक वर्षानुवर्षे कुजत नाही. २०१६ च्या घनकचरा नियमांनी ते वेगळे गुंडाळून द्यायला सांगितले. उकिरड्यावर फेकले तर कुत्री पसरवतात. म्हणून आम्ही मधला मार्ग काढला. दिवसा जुन्या धोतराचे मऊ लंगोट, गरम पाण्यात धुऊन उन्हात वाळवलेले. रात्री आणि प्रवासात डायपर, तोही वेळेवर बदलायचा. आणि लंगोट धुण्याची पाळी मुलाचीही! हिशेब पैशांचा असतो, तसा कष्टांचाही मांडायला हवा.