हरवलेला ठिपका

गतवर्षीच्या स्नेहसंमेलनाची छायाचित्रे मी माझ्या जुन्या कॅमेऱ्याने काढली होती. कार्यक्रम रात्रीचा, रंगमंचावर प्रकाश मंद. दुसऱ्या दिवशी चित्रे पाहत असता एक चमत्कारिक गोष्ट ध्यानी आली. प्रत्येक चित्रात, उजवीकडे किंचित वर, नेमका त्याच जागी एक तांबडा ठिपका होता. एका चित्रात तो पडद्यावर, दुसऱ्यात तबल्यावर आणि तिसऱ्यात शकुंतलेचे काम करणाऱ्या मुलीच्या ऐन गालावर. "बाई, संमेलनाला गालबोट लागलं!" असे एक विद्यार्थी म्हणाला. भिंगावर धूळ असेल असे समजून आम्ही भिंग पुसले. पण ठिपका जेथल्या तेथेच राहिला. धुळीची छाया पुसट व पसरट पडते. हा तर सुईच्या टोकासारखा रेखीव होता. दोष भिंगात नव्हताच. तो भिंगामागे होता.

पूर्वी तेथे फिल्म असे. आता सिलिकॉनचा एक पातळ तुकडा असतो. अंगणात ओळीने मांडलेल्या वाट्यांत पावसाचे पाणी साचावे, तद्वत् या तुकड्यावरील लक्षावधी सूक्ष्म घरांत प्रकाशाने मोकळे केलेले इलेक्ट्रॉन साचतात. कोणत्या घरात किती साचले ते मोजले की चित्र तयार होते. अशा तऱ्हेची पहिली रचना, सीसीडी, १९६९ मध्ये अमेरिकेत बेल प्रयोगशाळेतील विलर्ड बॉइल व जॉर्ज स्मिथ यांनी कल्पिली. २००९ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना त्याबद्दल विभागून मिळाले. या घरांना पिक्सेल म्हणतात. आपण चित्रकण म्हणू.

आता एक गंमत पाहा. चित्रकणाला रंग कळत नाही, केवळ प्रकाशाचे मान कळते. म्हणून प्रत्येकावर तांबडी, हिरवी किंवा निळी काच बसवितात. कोडॅक कंपनीतील ब्राइस बायर यांनी १९७६ मध्ये पेटंट घेतलेली मांडणी आजही सर्वत्र रूढ आहे: निम्मे कण हिरवे, पाव तांबडे, पाव निळे. उरलेले दोन रंग प्रत्येक कण शेजाऱ्यांकडून उसने घेतो. म्हणजे निर्दोष कॅमेऱ्यातही रंगांचा दोनतृतीयांश भाग अनुमानाचाच असतो! आणि म्हणूनच एक कण खोटे बोलू लागला, तर त्याचे खोटे शेजारच्या कणांतही पसरते. दुरुस्ती करायची ती हे रंग मिसळण्यापूर्वीच करावी लागते.

काही कण जन्मतःच मृत असतात. ते सदैव काळे. काही सदैव भरलेले. माझ्या कॅमेऱ्यातला तिसऱ्या जातीचा, तापट. अंधारातही केवळ उष्णतेने त्यात इलेक्ट्रॉन साचतात आणि छिद्र अधिक वेळ उघडे ठेवले की तो चमकू लागतो. दर सहा ते आठ अंशांनी हा साठा सुमारे दुप्पट होतो. ग्वाल्हेरच्या मे महिन्यात, पारा ४५ अंशांच्या पुढे गेला असता, अशा कणाने काय करावे!

अंतराळात याहून बिकट प्रसंग. पुण्याच्या आयुका संस्थेने घडविलेली 'सूट' ही दुर्बीण २ सप्टेंबर २०२३ रोजी 'आदित्य एल-१' यानातून निघाली आणि पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटरवरून सूर्याची अतिनील किरणांतील चित्रे घेऊ लागली. तिच्या सीसीडीत ४०९६ गुणिले ४०९६, म्हणजे १,६७,७७,२१६ चित्रकण आहेत. दहा हजारांत एक बिघडला असे नुसते धरले, तरी सोळाशेंहून अधिक होतात. तेथे वेगवान कणांचा मारा सिलिकॉनची घडी विस्कटतो आणि दुरुस्तीला कोणी जाऊ शकत नाही. हबल दुर्बिणीचे काही संवेदक ठराविक मुदतीने मुद्दाम ऊबदार करून पुन्हा थंड करतात. बिघडलेल्या कणांपैकी पुष्कळ त्याने सुधारतात. गुरूभोवती फिरणाऱ्या 'जूनो' यानाचा कॅमेराही डिसेंबर २०२३ मध्ये असाच तापवून वाचविला गेला.

जे सुधारत नाहीत त्यांचे काय? जुना उपाय सोपा: कारखान्यातच बिघडलेल्या कणांची यादी करावयाची आणि त्या जागी शेजारच्या समान रंगाच्या कणांची सरासरी, किंवा मधले मूल्य, भरावयाचे. निरभ्र आकाशात हे खपते. पण त्याच जागी पतंगाचा मांजा आला, तर सरासरी तो तोडून टाकते. यादीत नसलेला नवा ठिपका आला तर प्रश्न आणखी अवघड. तो दोष आहे की खरोखरीची चांदणी?

येथे न्यूरल नेटवर्क, म्हणजे चेताजाल, उपयोगी पडते. हे मेंदूच्या पेशींवरून सुचलेले एक गणित होय. त्याला सहस्रावधी चांगली चित्रे देतात, पण त्यांतील काही ठिपके मुद्दाम पुसून. जाल रिकाम्या जागा भरते. मग लपविलेल्या खऱ्या मूल्याशी ताडून त्याची चूक मोजतात आणि त्यातील असंख्य गुणकांना रेसभर इकडेतिकडे सरकवितात. गाळलेल्या जागा भरण्याचा आपला जुनाच स्वाध्याय, लक्षावधी वेळा केलेला! हळूहळू जालाला कळते की रेघ बहुधा पुढे चालते आणि कड अवचित तुटत नाही.

परंतु जे त्याने पाहिले तेच ते भरते. याचा अनुभव मला वर्गातच आला. माझी मातृभाषा कोकणी. गोव्याहून आलेले आईचे पत्र पावसात भिजले होते आणि एक अक्षर विरून 'हां_ बरी' एवढेच उरले होते. तुम्हांपैकी काहींना मी ते दाखविले. दौलतगंजातल्या मराठी घरांत वाढलेल्या मुलांनी क्षणात जागा भरली: 'हांडी बरी'! व्याकरण शुद्ध, अर्थही लागतो. पण आईने लिहिले होते, 'हांव बरी आसां'. मी बरी आहे. रस्त्यांची व चेहऱ्यांची चित्रे पाहून शिकलेल्या जालापुढे तारांगण ठेवले, तर ते इतक्याच आत्मविश्वासाने चांदणी पुसून टाकील.

शास्त्रज्ञांना हे ठाऊक आहे. वैश्विक किरण सीसीडीवर आदळले की क्षणभराचे खोटे डाग उमटतात. हबलच्या चित्रांतील असे डाग शोधण्यासाठी केमिंग झांग व जोशुआ ब्लूम यांनी 'डीपसीआर' हे चेताजाल तयार केले; त्याविषयीचा निबंध २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात कामाचे दोन भाग आहेत. पहिला प्रत्येक कण दूषित असण्याचा संभव किती हे सांगणारा नकाशा देतो. दुसरा जागा भरतो. नकाशा हाती असल्याने कोठे मूळ आहे आणि कोठे अनुमान, हे अभ्यासकाला निवडता येते.

मी कलाशाखेची विद्यार्थिनी. मला हे वाचताना पुण्याचे भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर आठवले. तेथे विष्णु सीताराम सुखठणकर यांनी १९२५ पासून महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे संपादन केले. (ते केंब्रिजला गणित शिकलेले होते, हे पुष्कळांस ठाऊक नसते.) पोथ्यांत पाठ एकमेकांशी जुळत नसतील आणि निवडलेल्या पाठाची खात्री नसेल, तेथे त्यांनी अक्षरांखाली नागमोडी रेघ छापली. वाचकाला श्लोक पुरा मिळतो आणि संपादकाची शंकाही मिळते. माझ्या मते यंत्राने भरलेल्या प्रत्येक ठिपक्याखाली अशी रेघ हवी. लग्नाच्या छायाचित्रात तिच्यावाचून अडत नाही. पण सूर्यावरील ज्वाला मोजताना, किंवा फुप्फुसाच्या क्ष-किरण चित्रातील बारीक डाग पाहताना, अडते.

शकुंतलेच्या गालावरचा ठिपका मी या अंकासाठी काढला आहे आणि चित्राखाली तसे छापण्यास सांगितले आहे. मूळ चित्र मी जपून ठेवले आहे. ज्यांना ताडून पाहावयाचे असेल त्यांनी मधल्या सुटीत यावे.